भरावाची पाठ

तळ्यावर गेलेला माणूस पाण्याकडे तोंड करून उभा राहतो. वारा तिकडून येतो, समोरच्या डोंगराची सावली तिकडेच उतरते, बगळे तिकडे, होड्या तिकडे, आणि फोटो काढायचा तर मागे पाणी हवंच. हे सगळं ज्याच्या जिवावर उभं असतं, तो मातीचा भराव त्याच्या पायाखाली असतो आणि भरावाची पाठ त्याच्या पाठीमागे. पाठ म्हणजे कोरड्या अंगाचा उतार. तिकडे सहसा कुणी फिरकत नाही. घाणेरी माजलेली, बाभळीची रोपं वर आलेली, फेकलेल्या बाटल्या झुडपांत अडकलेल्या, आणि पायथ्याशी मात्र भर चैत्रातही एखादा पट्टा हिरवागार. पाहुण्यांपैकी कुणाची चुकून नजर गेलीच, तर त्याला तो हिरवा पट्टा सुंदर वाटतो. मला तो दिसला की मी खाली उतरते.

हे खाली उतरणं नानांनी शिकवलं. नाना माझे चुलते. लघुपाटबंधाऱ्यांच्या कामांवर मुकादमी करण्यात त्यांचा जन्म गेला. कुठल्याही तळ्यावर त्यांची पाहणी पायथ्यापासून सुरू व्हायची. वर माथ्यावर ते सगळ्यात शेवटी येत, आणि पाण्याकडे तर अगदी निघताना बघत. वहाणा काढून हातात घ्यायच्या आणि पायथ्याच्या गवतातून सावकाश चालायचं. ओल तळव्याला आधी कळते, डोळ्याला मागून, हा त्यांचा अनुभव. एखाद्या जागी पाय दबला की थांबत, उकिडवे बसत, बोटानं उकरून बघत. कुठे झिरपा दिसला तर पिशवीतली काचेची बाटली काढून भरत आणि ती उन्हात धरून ठेवत. लहानपणी मला वाटायचं, पाणी पिण्याजोगं आहे का ते बघतात. ते त्या पाण्यात माती शोधत असत.

“नाना, हे तर गळतंय की!” एकदा मी घाबरून म्हटलं.

“गळू दे की पोरी. माती हाय ती, थोडं सोडणारच. नितळ सोडतीय तवर आपली. गढूळ सोडाय लागली, की समजायचं ती सोताच निघाली.”

पुढे मी या विषयावरची पुस्तकं धुंडाळली, अभियंत्यांना गाठून प्रश्न विचारले. नानांच्या बोलण्यापेक्षा वेगळं कुणी काही सांगितलं नाही, फक्त कारणं उलगडून दाखवली. मातीचं धरण पाणी पुरतं अडवत नाही, ते त्याला उशीर करतं. मधोमध काळ्या चिकण मातीचा गाभा असतो, थराथरानं पाणी मारून, रूळ फिरवून घट्ट केलेला. त्याच्या दोन्ही अंगांना मुरमाचं कवच, पाण्याच्या बाजूला लाटांपासून जपायला दगडी अस्तर. पाणी या सगळ्यातून वाट काढत राहतं. भरावाच्या पोटात ओलीची एक रेषा असते, पाण्याच्या बाजूला उंच आणि कोरड्या बाजूकडे उतरत गेलेली. ती खाली पायथ्याच्या दगडी निचऱ्यात उतरली, तर पाणी शहाण्यासारखं बाहेर पडतं आणि चरातून ओढ्याला मिळतं. तीच रेषा उताराच्या मध्यावर उघडी पडली, तर तिथली माती मऊ होते, फुगते, आणि एक दिवस उताराचा तुकडाच्या तुकडा खाली बसतो.

याहून घातक गोष्ट डोळ्याआड घडते. झिरपणारं पाणी मातीचा एक कण सोबत नेतं. त्या जागी पोकळी होते, पोकळीतून पाण्याला थोडा वेग येतो, वेगानं पुढचा कण सुटतो. ही वाट कोरड्या बाजूकडून सुरू होते आणि मागे सरकत पाण्याच्या दिशेनं जाते. वर माणसं कणसं खात बसलेली असतात आणि आत बोटाएवढं भुयार तळ्याच्या शोधात निघालेलं असतं. ज्या दिवशी दोघांची गाठ पडते, त्या दिवशी सावरायला काही तासही हाती राहत नाहीत. म्हणून ती बाटली. म्हणून सरकारी धरणांवर गळतीच्या वाटेत व्ही आकाराची खाच असलेली पट्टी बसवतात आणि पाण्याची उंची वहीत लिहून ठेवतात. गळती आहे की नाही, हा प्रश्नच नसतो. परवापेक्षा ती वाढली का, तळ्याची पातळी तीच असताना वाढली का, आणि रंग बदलला का, हे विचारायचं असतं.

झाडांचंही तसंच. भरावावर उगवलेल्या झाडाला नाना भारी रागावत, आणि मला त्याचं वाईट वाटे. झाड जिवंत असेपर्यंत त्याच्या मुळ्या माती धरून ठेवतात असं आपल्याला वाटतं. पण मुळी पाण्याच्या ओढीनं आत आत जाते, आणि झाड मेलं की कुजून जाते. तिच्या जागी आयतं भुयार उरतं. वादळात मोठं झाड उन्मळलं तर मुळांसकट भरावाचा घासही घेऊन जातं. शिवाय झाडीझुडपांच्या आडोशाला घुशी येतात, सायाळ येते, आणि त्यांची बिळं कुणाला दिसत नाहीत. म्हणून पाठीवर आखूड गवत बरं. झाड रोपटं असतानाच उपटायचं. ते मोठं झाल्यावर नुसतं तोडून भागत नाही, खोड आणि मुळं काढून तो खड्डा पुन्हा नीट थर देऊन भरावा लागतो, आणि ते जाणकाराच्या देखरेखीखालीच करायचं काम असतं.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला, पुरंदरच्या डोंगरउतारावर, असा एक पाझर तलाव आहे. १९७२च्या दुष्काळात बांधलेला. माझी आई त्या कामावर होती. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मातीची पाटी, आणि खालून वर, वरून खाली अशा फेऱ्या. संध्याकाळी कामावर मिळालेली सुकडी ती पदराला बांधून आणायची. तिचा गोडसर, किंचित करपट वास मला अजून ओळखता येतो. त्या भरावात काळी माती किती आणि मुरूम किती हे कागदावर असेलच, पण त्यात गावातल्या बायांच्या मानेचा जोर किती आहे हे मला ठाऊक आहे. तळ्याला मोरी नाही. पाझर तलावाला बहुधा ती नसतेच, कारण पाणी कालव्यानं न्यायचं नसतं. ते तळातून जमिनीत मुरावं आणि खालच्या विहिरींना फुटावं, यासाठीच ते साठवायचं. पण मोरी नाही म्हणजे पातळी आपल्या हातानं उतरवायची सोय नाही. जादा आलेलं पाणी जाणार ते फक्त सांडव्यावरून. तेवढा एकच दरवाजा.

तळ्यावर जेव्हा विहिरी अवलंबून होत्या, तेव्हा त्याला राखणदार नेमावा लागला नाही. प्रत्येक शेतकऱ्याचा डोळा तिथे होता. रात्री पावसाचा जोर वाढला की कंदील घेऊन दोघं-चौघं वर जायची, सांडव्यात अडकलेलं झाड ओढून काढायची, माथ्यावरून चालत दुसऱ्या टोकाला जायची आणि परत यायची. त्याला कुणी पाहणी म्हणत नसे. मग बोअर आले. शेतं विकली गेली, शहरातल्या लोकांची घरं उठली, “लेक व्ह्यू”च्या पाट्या लागल्या. शनिवार-रविवारी काठावर तंबू पडतात, पॅडलच्या होड्या फिरतात. मला हे नकोसं वाटत नाही. आमच्या गावातल्या बाया तिथे पिठलं-भाकरी विकून घर चालवतात, पोरं पोहायला शिकतात, आणि दुष्काळात घाम गाळून बांधलेल्या पाण्यावर कुणी निवांत बसावं, हा त्या घामाचा मानच आहे. काळजी वेगळीच आहे. पाण्याचं काम संपून त्याची फक्त शोभा उरली, की राखणारे डोळे कमी होतात आणि बघणारे वाढतात.

माझी लेक पिट्सबर्गला असते. तिच्याकडे गेले तेव्हा बाकीचं सगळं बाजूला ठेवून मी साऊथ फोर्कच्या फुटलेल्या धरणावर नेण्याचा हट्ट धरला. तिथे आज राष्ट्रीय स्मारक आहे. धरणाची दोन टोकं दोन डोंगरांना धरून उभी आहेत आणि मधलं धरण नाही. त्या खिंडारातून एक लहानशी नदी वाहते, बाजूनं आगगाडीचे रूळ गेलेत. वरच्या अंगाला जिथे तळं होतं तिथे झाडी आहे, वस्ती आहे. भरावाचा छेद इतका उघडा मी आधी पाहिला नव्हता. टोकावर उभं राहून खाली बघितलं आणि आधी पायथा शोधला. सवयच लागली आहे.

हे धरण बांधायला पेन्सिल्वेनिया राज्यानं १८३८ मध्ये घेतलं आणि ते १८५३ मध्ये पुरं झालं. उन्हाळ्यात कालव्यातल्या बोटींना पाणी कमी पडू नये, एवढ्यासाठी. ७२ फूट उंच, ९०० फुटांहून लांब, सगळं मातीचं आणि दगडाचं. पायथ्याशी पाणी सोडायला पाच लोखंडी नळ होते, कडेला खडकात कोरलेला सांडवा होता. पण ते पुरं होईतो रेल्वे आली आणि कालव्याचे दिवस संपले. १८५७ मध्ये रेल्वे कंपनीनं सगळी मालमत्ता विकत घेतली. रेल्वेला तळ्याचा उपयोग नव्हता. १८६२ मध्ये भराव मधोमध फुटला, पण तळं तेव्हा अर्धं रिकामं होतं म्हणून खाली फारसं नुकसान झालं नाही. आणि नुकसान झालं नाही म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. पुढे १८७५ मध्ये ज्यानं ती जागा घेतली, त्यानं ते पाच नळ काढून भंगारात विकले.

१८७९ मध्ये बेंजामिन रफ नावाच्या माणसानं ते विकत घेतलं, आणि तिथून ते तळं मौजेचं झालं. पिट्सबर्गच्या धनिकांचा मासेमारी आणि शिकारीचा क्लब निघाला. अँड्र्यू कार्नेगी, हेन्री क्ले फ्रिक, अँड्र्यू मेलन अशी माणसं त्याची सभासद होती. फुटलेला भाग भरताना चिखल, झाडाच्या फांद्या, गवत, घोड्यांची लीद, जे मिळेल ते घातलं. नळ पुन्हा बसवले नाहीत. माथ्यावरून घोडागाड्या सुखानं जाव्यात म्हणून माथा सुमारे तीन फूट खाली उतरवून रुंद केला. तळ्यात काळे बास मासे आणून सोडले होते, ते सांडव्यावाटे निसटू नयेत म्हणून सांडव्यावरच्या पुलाखाली लोखंडी जाळ्या लावल्या.

हे मी पुन्हा पुन्हा वाचलं आहे, आणि दर वेळी एका गोष्टीपाशी थांबते. यातलं एकही काम कुणी दुष्टपणानं केलेलं नाही. गाड्यांना वाट हवी, मासे राहावेत, तळं काठोकाठ दिसावं. सुट्टीवर आलेल्या माणसाच्या साध्या इच्छा. पण दर इच्छेनं धरणाचा एक एक अवयव काढून घेतला. नळ गेले, म्हणजे पातळी उतरवता येईना, आणि पातळी उतरवता येत नाही म्हणजे दुरुस्तीही करता येईना. माथा उतरला, म्हणजे सांडवा पुरा वाहायच्या आत पाणी माथ्याशी टेकणार. जाळ्या लागल्या, म्हणजे पुराबरोबर येणारा पालापाचोळा, ओंडके तिथेच अडकणार. शिवाय पुन्हा भरलेला मधला भाग हळूहळू बसत गेला आणि जिथे भराव सगळ्यात उंच असायला हवा तिथेच तो खोलगट झाला.

सांगणारं कुणीच नव्हतं असं नाही. धरणाच्या खाली, चौदा मैलांवर जॉन्सटाउन हे पोलादाचं गाव. तिथल्या कारखान्याचे प्रमुख डॅनियल मॉरेल यांनी १८८० मध्ये जॉन फुल्टन या आपल्या अभियंत्याला पाहणीला पाठवलं. फुल्टन यांनी लिहून दिलं की पाणी सोडायचा नळ नाही आणि भरावाला गळती आहे. मॉरेल यांनी दुरुस्तीच्या खर्चात वाटा उचलायचीही तयारी दाखवली. काही धोका नाही असं त्यांना कळवण्यात आलं. मग त्यांनी क्लबचं सभासदत्व घेतलं, निदान आतून लक्ष ठेवता यावं म्हणून. १८८५ मध्ये ते वारले. त्या एका माणसाबरोबर खालच्या गावाचा वरच्या तळ्यावरचा डोळाच मिटला. गावात दर पावसाळी हंगामात आवई उठे की धरण फुटणार, ते फुटत नसे, आणि लोक हसून कामाला लागत.

३१ मे १८८९. आदल्या रात्रीपासून अफाट पाऊस. सकाळी क्लबचे अध्यक्ष एलायस अंगर उठून बघतात तो पाणी माथ्याला टेकत आलेलं. त्यांनी हाताशी असलेले मजूर घेतले. काही जण माथ्यावर माती चढवू लागले, काही दुसऱ्या टोकाला नवा चर खोदू लागले, काही जाळ्यांत अडकलेला गाळसाळ ओढू लागले. पण जाळ्या एव्हाना पक्क्या तुंबल्या होत्या आणि चर खडकाला लागला होता. जॉन पार्क हा तरुण अभियंता घोड्यावरून जवळच्या साऊथ फोर्क गावी गेला आणि तारा पाठवायला सांगून आला. तारा काही ठिकाणी पोचल्या. ज्यांच्या हाती पडल्या, त्यांनी ही आवई आधीही ऐकली होती.

दगडी धरणावरून थोडा वेळ पाणी वाहिलं तर ते तग धरू शकतं. मातीला ते सोसत नाही. माथ्यावरून उतरलेलं पाणी कोरड्या अंगाची माती ओरबाडत खाली जातं, उताराला पायऱ्या पडतात, त्या पायऱ्या मागे सरकत माथ्यापर्यंत येतात. दुपारी तीनच्या सुमारास भराव गेला. सुमारे दीड कोटी घनमीटर पाणी दरीत उतरलं, आणि तासाभरात घरं, झाडं, आगगाडीची इंजिनं घेऊन जॉन्सटाउनवर आदळलं. २,२०९ माणसं गेली. त्यांतल्या सातशेहून अधिक जणांची ओळखही पटली नाही. खालच्या दगडी पुलाशी अडकलेल्या ढिगाऱ्याला रात्री आग लागली, आणि पाण्यातून वाचलेले कित्येक जण त्यात गेले.

कोर्टात क्लबवर कुणालाही जबाबदारी शाबीत करता आली नाही. ती दैवी आपत्ती ठरली. कार्नेगी यांनी गावाला नवं ग्रंथालय बांधून दिलं, आज त्याच इमारतीत पुराचं संग्रहालय आहे. अमेरिकेतल्या अभियंत्यांच्या संघटनेनं १८९१ मध्ये अहवाल दिला, त्यात मूळ बांधणी होती तशी राहिली असती तरी धरण गेलंच असतं, असं म्हटलं होतं. २०१६ मध्ये पेन्सिल्वेनियातल्याच संशोधकांनी नव्यानं हिशेब केला. माथा उतरवल्यामुळे मुख्य सांडव्याची क्षमता फार घटली होती आणि पश्चिम टोकाचा आपत्कालीन सांडवा तर निकामीच झाला होता, हे त्यांनी दाखवून दिलं. सव्वाशे वर्षांनी का होईना, कुणीतरी त्या तीन फुटांचा हिशेब मांडला, याचं मला बरं वाटलं.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यावी, तर जॉर्जियातलं टोकोआ आहे. तिथल्या एका बायबल कॉलेजच्या वर केली बार्न्स नावाचं लहानसं मातीचं धरण होतं. आधी त्यावर वीज बनत असे. १९५७ नंतर ते बंद झालं आणि तळं नुसतं फिरायला, पोहायला उरलं. कोरड्या अंगाचा उतार फार उभा होता आणि त्यावर झाडं माजली होती. ६ नोव्हेंबर १९७७ला, मध्यरात्र उलटून गेल्यावर, ते फुटलं. ३९ जण गेले, त्यांत लहान मुलं पुष्कळ. तेव्हाचे अध्यक्ष जिमी कार्टर जॉर्जियाचेच. त्यानंतर त्यांनी देशभरातल्या धोक्याच्या धरणांच्या तपासणीचे आदेश दिले. वीज बंद झाली त्या दिवशी तिथला रोजचा माणूसही गेला असणार. मला हे फार ओळखीचं वाटतं.

आपल्याकडे १२ जुलै १९६१ला पानशेतच्या अपूर्ण मातीच्या भरावानं फुटून पुण्याला काय केलं, ते घराघरांत सांगितलं जातं. लहान धरणांची आठवण मात्र कुणी ठेवत नाही. २ जुलै २०१९च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि पायथ्याच्या वाडीतली वीसहून अधिक माणसं झोपायच्या वेळी वाहून गेली. गळती होतेय हे गावकऱ्यांनी आधी सांगितलं होतं. पुढे खेकड्यांनी भराव पोखरला असं विधान झालं आणि राज्यभर त्यावर हसू उसळलं. मला हसू आलं नाही. खेकडा मातीत बीळ करतोच, करत आला आहे. म्हणून तर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर माणसानं पाठीवरून चालत जायचं असतं, बिळं बुजवायची असतात. खेकडा हे कारण मानलं, तरी त्याच्यापाशी विचारणा संपत नाही. तिथून ती सुरू व्हायला हवी होती.

२०२१ मध्ये देशात धरण सुरक्षा कायदा आला. तो १५ मीटरहून उंच धरणांना लागू होतो, आणि १० ते १५ मीटरमधल्यांना काही अटींवर. त्याहून बुटक्या भरावांना तो पोचत नाही. आमचं तळं त्याहून बुटकं आहे. राज्यात असे किती पाझर तलाव, गावतळी, बंधारे डोंगरांच्या कुशीत बसलेले आहेत, आणि त्यांच्या खालच्या अंगाला गेल्या वीस वर्षांत किती घरं उठली आहेत! धरणाचा धोका त्याच्या उंचीवर जितका ठरतो, तितकाच त्याच्या खाली कोण झोपतं यावर ठरतो. १९७२ मध्ये आमच्या तळ्याखाली फक्त ज्वारी होती. आज ओढ्याच्या काठावर अंगणवाडी आहे. भराव तोच, पण त्याच्याकडून आपण आता जे मागतो ते फार मोठं आहे, आणि त्याला देतो मात्र पूर्वीपेक्षा कमी.

नाना आता नाहीत. बाटली माझ्याकडे आहे. यंदा वैशाखात पायथ्यानं चालले तेव्हा झिरपा नितळ होता, पण हिरवा पट्टा मागच्यापेक्षा लांब वाटला. तो कुठून कुठपर्यंत आहे ते दोन खुंट्या ठोकून ठेवलं. माथ्यावर गाड्या चढून चाकोऱ्या पडल्यात, मधला भाग थोडा खचलाय, पावसाचं पाणी तिथेच साचत असणार. ही कामं निधीची आहेत, त्यासाठी अर्ज द्यायचा, आठवण करायची, पुन्हा द्यायचा. पण सांडव्यावर गेले आणि काळजात धस्स झालं. सांडव्याच्या उंबऱ्यावर मातीची पोती रचलेली. होड्यांना काठाशी पाणी कमी पडतं म्हणून कुणीतरी हात-दीड हात पातळी वाढवून ठेवली होती. साऊथ फोर्कला माथा उतरवला, इथे सांडवा चढवला. हिशेब तोच. सांडव्याचा उंबरा आणि भरावाचा माथा यांच्यात जी मोकळी उंची राखलेली असते, तीच पुराच्या रात्री आपली असते. आणि पोत्यांच्या पुढे, सांडव्याच्या पुऱ्या रुंदीला, खांब रोवून ताणलेली नायलॉनची जाळी. रोहू-कटल्याचं बीज वाहून जाऊ नये म्हणून.

मासे धरायचा ठेका ज्यांनी घेतलाय ते आमच्याच भावकीतले. मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले.

“दादा, जाळी काढा. पाऊस तोंडावर आलाय.”

“अक्का, तुमचं खरं हाय. पर बीज समदं ओढ्याला लागलं तर माझं वरीस गेलं. कर्ज काढून टाकलंय.”

त्यांचं म्हणणं खोटं नाही. मी त्यांना सांगितलं की जाळी नकोच असं माझं म्हणणं नाही, ती सांडव्याच्या तोंडावर नको. तळ्याच्या वरच्या अंगाला, उथळ पाण्यात वेढा घालून बीज त्यात ठेवता येईल, बोटाएवढं झालं की सोडता येईल. जाळीचा आणि खांबांचा जादा खर्च होड्यांच्या मालकानं आणि काठावरच्या घरांनी मिळून द्यावा, कारण तळं त्यांचंही आहे आणि पोतीही त्यांच्याच सोयीसाठी आलीत. हाच ठराव मी ग्रामसभेसाठी लिहून दिला आहे: १ जूनच्या आत सांडवा पूर्ण मोकळा, पावसाळाभर तो मोकळाच, पाऊस जास्त झाला की दोन तासांनी एकानं वर जाऊन यायचं, आणि त्या माणसाला रात्रीचा मेहनताना तंबूंच्या भाड्यातून. अंगणवाडीच्या ताईंचा आणि ओढ्याकाठच्या प्रत्येक घरातल्या एकाचा फोन नंबर त्याच्याजवळ असायचा.

पोती काढायला तरुण पोरं तयार झाली, त्याच दिवशी संध्याकाळी निम्मी काढून झालीसुद्धा. होड्यांचा मालक कुरकुरला, पण फावडं त्यानंच आणून दिलं. दादांनी अजून होकार दिलेला नाही. वेढ्याला किती जाळी लागेल ते मात्र त्यांनी काल मला विचारलं, आणि आज सकाळी आम्ही दोघं दोरी घेऊन वरच्या अंगाचं उथळ पाणी मोजायला निघालो आहोत.